हा प्राणी कुणाचा कोण? वर्गीकरणाची पहिली ओळख

ओली माती उकरताना बोटभर लांबीचं, काळपट, बिनपायांचं काहीतरी वळवळत वर येतं. बघणारा लगेच निकाल देतो: गांडूळ. बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. पण तो वाळाही असू शकतो, म्हणजे मातीत राहणारा, जेमतेम वीतभर लांबीचा साप. किंवा ते देवगांडूळ असू शकतं, बेडकाच्या गोतावळ्यातला बिनपायांचा उभयचर. तिघांचा आकार दोरीच्या तुकड्यासारखा, तिघांचा मुक्काम मातीत.

जरा जवळून बघा. गांडुळाच्या वलयांवर इतके बारीक, ताठ केस असतात की ते कोऱ्या कागदावर सरकलं तर हलकी खरखर ऐकू येते. त्याला डोळे नाहीत, जबडा नाही, कणा नाही. वाळ्याचं अंग बारीक खवल्यांचं, गुळगुळीत, चकाकणारं. डोळ्यांच्या जागी खवल्याखाली दोन काळे ठिपके, आणि थोडं थांबलात तर इवलीशी जीभ लपलपताना दिसते. देवगांडुळाची कातडी ओलसर असते, अंगावर गांडुळासारख्याच वळ्या असतात, पण तोंडात चक्क दात असतात. डोळा आणि नाकपुडी यांच्या मध्ये वास टिपणारी एक छोटी शुंडिकाही असते.

आता नाती बघा. वाळा हा देवगांडुळापेक्षा गरुडाच्या जवळचा आहे. आणि देवगांडूळ हे गांडुळापेक्षा तुमच्या-माझ्या जवळचं आहे. ही वाक्यं उलटसुलट छापली गेलेली नाहीत. वर्गीकरण शिकायचं म्हणजे असली विधानं कशाच्या जोरावर केली जातात ते शिकायचं.

पायरी १: प्रश्न बदला

'हा कशासारखा दिसतो?' हा प्रश्न सोडून द्या. त्याऐवजी विचारा, 'हा कुणाचा कोण लागतो?'

वटवाघूळ, कबूतर आणि फुलपाखरू तिघंही उडतात. म्हणून त्यांना एका गटात टाकायचं का? पंख उलगडून पाहा. वटवाघळाच्या पंखात दंडाचं हाड, मग कोपरापुढची हाडं, मनगट आणि त्यापुढे लांबच लांब झालेली चार बोटं. त्या बोटांमध्ये छत्रीच्या काड्यांवर कापड ताणावं तशी कातडी ताणलेली. अंगठा मोकळा आणि नखासकट. कबुतरातही तोच दंड आणि तोच कोपर, पण बोटं कमी होऊन एकमेकांना चिकटलेली, आणि उडण्याचं काम पिसांकडे. फुलपाखराच्या पंखात हाडच नाही. म्हणजे वटवाघूळ आणि कबूतर यांचा 'हात' एकाच पूर्वजाकडून आला, पण उडणं मात्र दोघांनी स्वतंत्रपणे कमावलं. फुलपाखराचा तर या घराण्याशी दूरान्वयानेच संबंध.

अवयवाचं काम सारखं असणं वेगळं आणि अवयवाचं मूळ एक असणं वेगळं. हा फरक डोक्यात पक्का बसला की अर्धं काम झालं. उरलेल्या अर्ध्यासाठी चिकाटी लागते, त्याला इलाज नाही.

पायरी २: उतरंड पाठ करा (होय, पाठच)

सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. वरून खाली येताना गट लहान होत जातो आणि आतल्या प्राण्यांचं नातं घट्ट होत जातं. आद्याक्षरं जोडली तर 'सृसंवगकुप्रजा' होतं. शेवटचं 'कुप्रजा' ऐकू आलं की हसू येतं आणि त्यामुळेच ते विसरत नाही.

वाघाचं उदाहरण घ्या. तो प्राणी सृष्टीतला, समपृष्ठरज्जू संघातला, सस्तन वर्गातला, कार्निव्होरा म्हणजे मांसभक्षी गणातला, फेलिडी म्हणजे मार्जार कुलातला, पँथेरा प्रजातीतला आणि टायग्रिस जातीचा. सिंह आणि बिबट्या प्रजातीपर्यंत त्याच्याबरोबर चालतात. घरातली मांजर कुलापाशी वेगळी होते, कुत्रा गणापाशी, आणि तुम्ही-आम्ही वर्गापाशी.

इथे एक तक्रार नोंदवतो. 'नवी प्रजाती सापडली' अशी बातमी येते तेव्हा दहातल्या नऊ वेळा सापडलेली असते ती नवी जाती. हिंदीत प्रजाति म्हणजे आपली जाती, तिथून ही गफलत मराठीत शिरली. मराठीत प्रजाती वरची आणि जाती खालची. सुरुवातीलाच नीट लक्षात ठेवा, नाहीतर पुढचं सगळं वाचन एका पायरीने घसरतं.

ही उतरंड स्वीडनच्या कार्ल लिनियस या निसर्गशास्त्रज्ञामुळे रूढ झाली. मात्र त्याच्या मांडणीत संघ आणि कुल नव्हते, ते नंतर आले. त्याने सगळे प्राणी सहा वर्गांत बसवले होते. त्यातला शेवटचा 'कृमी' हा वर्ग म्हणजे अडगळीची खोली होती. जे कुठेच बसेना ते तिथे. आजही एखादा गट 'ज्यांना अमुक नाही ते सगळे' अशा व्याख्येने बांधलेला दिसला की सावध व्हा. 'अपृष्ठवंशीय' हा शब्द आपण सोयीसाठी वापरतो, पण कणा नसणं हे नातं जोडण्याचं कारण होऊ शकत नाही. पाय नसणं हेही नाही. वाळा आणि गांडूळ यांची गल्लत नेमकी त्यातूनच होते.

पायरी ३: शरीराचा आराखडा पाहा

समोर प्राणी आला की रंग, आकार, शेपटी हे सगळं बाजूला ठेवा. पहिला प्रश्न: याचे दोन सारखे भाग कसे पडतील?

स्पंज बहुधा कसाही कापा, दोन सारखे भाग पडत नाहीत. अंगभर छिद्रं, त्यातून पाणी आत-बाहेर. हा रंध्रीय संघ. जेलीफिश मधल्या अक्षातून अनेक दिशांनी कापली तरी सारखे भाग पडतात, ही अरीय सममिती. बाकी बहुतेक प्राण्यांना एकाच रेषेत डावं-उजवं करता येतं, ही द्विपार्श्व सममिती. तारामासा मोठेपणी पाच हातांचा, अरीय दिसतो, पण त्याची अळी डावी-उजवी असते. या गोष्टीकडे आपण पुन्हा येऊ.

पुढचे प्रश्न असे: अंगावर वलयं आहेत का? असतील आणि पायांना सांधे नसतील तर वलयी संघ, ज्यात गांडूळ आणि जळू. शरीर मऊ, खाली मांसल पाऊल, बहुधा पाठीवर शंख किंवा शिंपला? मृदुकाय, जसं गोगलगाय. कातडीवर काटे आणि आत पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या नलिकापादांची यंत्रणा? कंटकचर्मी, जसा तारामासा. बाहेर कडक कवच आणि सांध्यांचे पाय? संधिपाद. आयुष्याच्या कुठल्यातरी टप्प्यावर पाठीत आधाराची लवचीक दांडी, म्हणजे पृष्ठरज्जू? समपृष्ठरज्जू.

प्राण्यांचे तीसेक संघ मानले जातात आणि हे त्यातले मोजकेच. पण चालता-फिरता दिसणारे बहुतेक प्राणी यांतच बसतात, त्यामुळे सुरुवातीला एवढे पुरेत. चपटे कृमी आणि गोलकृमी नंतर शिका. त्यांच्यासाठी सूक्ष्मदर्शक लागतो आणि धीरही.

पायरी ४: पाय मोजा

नवशिक्याला लगेच यश देणारी हीच पायरी. नाव दिलेल्या सुमारे १५ लाख प्राणी-जातींपैकी जवळपास १० लाख कीटक आहेत, तर कणा असलेले सगळे मिळून सुमारे पाच टक्के. म्हणजे तुम्हाला रोज भेटणारा अनोळखी प्राणी बहुधा संधिपादच असणार.

सहा पाय, शरीराचे तीन भाग आणि मिशांची एक जोडी म्हणजे कीटक. आठ पाय, शरीराचे दोन भाग, मिशा नाहीत म्हणजे कोळी किंवा विंचू यांचा वर्ग. मिशांच्या दोन जोड्या म्हणजे खेकडा-झिंग्यांची मंडळी. खूप पाय असतील तर एकेका खंडाकडे बघा. खंडाला पायांची एक जोडी असेल तर गोम. बहुतेक खंडांना दोन जोड्या असतील, आणि हात लावताच प्राणी गोल वेटोळं करत असेल, तर तो वाणी, ज्याला कुणी पैसा म्हणतात.

सुरवंट इथे हमखास फसवतो. त्याला सोळा पाय दिसतात, पण सांध्यांचे खरे पाय पुढचे सहाच. मागचे मांसल ठोकळे नुसते पकडीसाठी असतात आणि पतंग किंवा फुलपाखरू होताना नाहीसे होतात. म्हणून शक्यतो मोजणी प्रौढ प्राण्यावर करा. विंचवाच्या नांग्याही पायांत धरू नका, त्या तोंडाजवळच्या वेगळ्या अवयवांपासून बनल्या आहेत.

पायरी ५: कणा असेल तर कातडी बघा

केस आणि पिल्लाला दूध: सस्तन. पिसं: पक्षी. कोरडी, खवल्यांची कातडी: सरीसृप. ओलसर, बिनखवल्यांची कातडी आणि बहुधा पाण्यात जाणारं बालपण: उभयचर. कल्ले आणि पर: मासे.

अंडी घालतो की पिल्लं देतो, ही खूण मात्र मी कधीच वापरत नाही. काही साप पिल्लं देतात, काही शार्कही देतात. आणि ऑस्ट्रेलियातला प्लॅटिपस अंगावर केस, तोंडाला बदकासारखी चोच घेऊन उलट अंडी घालतो. त्याचं वाळवलेलं कातडं १८व्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडला पोहोचलं. प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॉ यांनी १७९९ साली त्याचं वर्णन केलं तेव्हा कुणीतरी बदकाची चोच शिवून चेष्टा केली असावी, अशी शंका त्यांनाही आली. तो खरोखर अंडी घालतो याची खात्री व्हायला १८८४ साल उजाडलं. तरीही तो सस्तनच, कारण पिल्लाला दूध पाजतो. फक्त त्याला स्तनाग्रं नाहीत, दूध कातडीतून पाझरतं आणि पिल्लू ते चाटतं.

पायरी ६: नावावर जाऊ नका

बोलीभाषेतली नावं आकारावरून पडतात, शास्त्र विचारून नाही. देवमासा मासा नाही. तारामासा मासा नाही. पाणघोडा घोडा नाही. समुद्रघोडा मात्र खरंच मासा आहे.

यातलं सगळ्यात सुंदर नातं देवमासा आणि पाणघोडा यांचं आहे. लिनियसने आपल्या 'सिस्टेमा नॅचुरी' या वर्गीकरणाच्या ग्रंथाच्या १७५८च्या आवृत्तीत देवमाशांना माशांतून काढून सस्तनांत आणलं, पण सस्तनांमध्ये ते कुणाजवळ बसवायचे हे ठरेना. विसाव्या शतकाच्या अखेरीस डीएनएच्या तुलनेतून उत्तर आलं की देवमाशाचा सर्वांत जवळचा जिवंत आप्त पाणघोडा आहे. हाडांचे अभ्यासक बिचकले. मग २००१ साली पाकिस्तानात सापडलेल्या प्राचीन, पायवाल्या देवमाशांच्या जीवाश्मांचं वर्णन आलं आणि त्यात घोट्याचं एक हाड होतं. गाय, हरीण, डुक्कर, पाणघोडा अशा समखुरी प्राण्यांत या हाडाच्या दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच असते, आणि ही त्यांची अगदी खास खूण. ती देवमाशाच्या पूर्वजाच्या घोट्यात होती. हाड आणि डीएनए यांची साक्ष जुळली, वाद मिटला. घोडा मात्र या कुटुंबात नाहीच, तो विषमखुरी, गेंड्याच्या बाजूचा.

तरसाचंही असंच. चाल, जबडा, तोंडवळा, सगळं कुत्र्यासारखं. पण कवटीतल्या कानाच्या हाडांची ठेवण आणि डीएनए दोन्ही त्याला मांजर-मुंगसाच्या फांदीवर बसवतात. राक्षसी पांडा बांबू खाऊन जगतो, तरी तो मांसभक्षी गणातला आणि अस्वलांच्या कुलातला, कारण गणाचं नाव हा आहाराचा तक्ता नव्हे. मात्र 'पांडा' हेच नाव मिरवणारा लाल पांडा त्याच्या कुलातला नाही, त्याचं कुल स्वतंत्र आहे.

पायरी ७: बालपणीचा दाखला मागा

मोठेपणी प्राणी ओळख लपवतात, पण अळी किंवा भ्रूण बोलून जातो. हर्डमानिया हा समुद्राच्या तळाला चिकटून बसणारा, पिशवीसारखा प्राणी. ना डोकं दिसतं, ना हालचाल. त्याच्या जातभाईंना बराच काळ मृदुकाय प्राण्यांच्या आसपास धरलं जायचं. १८६६ साली अलेक्झांडर कोवालेव्हस्की या रशियन भ्रूणशास्त्रज्ञाने अशा प्राण्यांच्या अळ्या वाढताना पाहिल्या. अळी बेडकाच्या पिल्लासारखी पोहते आणि तिच्या शेपटीत चक्क पृष्ठरज्जू असतो. मग ती खडकाला चिकटते, शेपूट जिरवून टाकते आणि पिशवी होऊन बसते. ही पिशवी गोगलगायीपेक्षा माणसाच्या कितीतरी जवळची आहे.

पायरी ८: खोकी सोडून झाड काढायला शिका

इथवर आपण गटांची खोकी भरत आलो. आजचे शास्त्रज्ञ झाड काढतात. १८५९ मध्ये डार्विनने वर्गीकरण हे वंशावळीसारखं असावं असं मांडलं, आणि १९५० मध्ये जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग यांनी त्यासाठी काटेकोर रीत दिली. तिचा गाभा एवढाच: गटात एक पूर्वज आणि त्याचे सगळे वंशज हवेत. कुणालाही मधूनच वगळायचं नाही.

ही अट लावली की शाळेतली यादी डळमळते. मगर ही सरड्यापेक्षा पक्ष्यांच्या जवळची आहे. मग मगर आणि सरडा यांना 'सरीसृप' म्हणायचं आणि पक्ष्यांना बाहेर ठेवायचं, हे म्हणजे सख्ख्या भावाला वगळून चुलतभावासकट कुटुंबाचा फोटो काढण्यासारखं झालं. म्हणून आता पक्षी हे सरीसृपांच्याच एका फांदीवर मोजले जातात. सुरुवातीचं वाळा आणि गरुडाचं वाक्य इथून आलं. कीटकही असेच खेकडा-झिंग्यांच्या फांदीतून फुटलेले निघाले. माशांची गत तर याहून वाईट. फुप्फुसमासा हा रोहूपेक्षा आपल्या जवळचा, त्यामुळे काटेकोरपणे पाहिलं तर 'मासे' असा एक नैसर्गिक गट उरतच नाही.

घरी करून बघा. बेडूक, सरडा, मगर, कबूतर, उंदीर ही पाच नावं लिहा. चार पाय पाचांनाही आहेत (कबुतराच्या पुढच्या दोन पायांचे पंख झाले), ती खोडावरची खूण, तिने वेगळं काही कळत नाही. भ्रूणाभोवती पाण्याची पिशवी बेडूक सोडून चौघांत आहे, म्हणजे बेडकाची फांदी सर्वांत आधी फुटली. बीटा केराटिन नावाचं प्रथिन सरडा, मगर आणि कबूतर यांच्याच खवल्यांत-पिसांत आहे, उंदरात नाही, म्हणजे पुढे उंदीर सुटला. उरलेल्या तिघांत मगर आणि कबूतर यांचं हृदय पूर्ण चार कप्प्यांचं, सरड्याचं नाही. आता तुम्ही म्हणाल, चार कप्पे तर उंदरालाही आहेत. बरोबर. एकाच खुणेवर विसंबलात तर फसाल. सस्तनांनी ते वेगळ्या वाटेने मिळवले, हे इतर शेकडो खुणा आणि जीवाश्म एकत्र ठेवले की कळतं. म्हणून शास्त्रज्ञ संगणकाला हजारो लक्षणं आणि डीएनएची लाखो अक्षरं देतात आणि कमीत कमी ओढाताण करणारं झाड शोधतात.

पायरी ९: जातीपाशी अडखळायची तयारी ठेवा

जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर यांनी १९४२ साली दिलेली व्याख्या अजून सर्वाधिक वापरात आहे: निसर्गात आपसात प्रजनन करणारे आणि इतरांपासून प्रजननाने तुटलेले जीव म्हणजे एक जाती. घोडा आणि गाढव यांचं खेचर होतं, पण ते सहसा वांझ असतं, म्हणून जाती दोन. जीवाश्मांना ही कसोटी लावता येत नाही, नराशिवाय पिल्लं होणाऱ्यांनाही नाही. आपला वाळा असाच आहे, ज्ञात वाळे सगळे माद्याच.

कधी दोन जाती डोळ्यांना एकच दिसतात. युरोपातलं पिपिस्ट्रेल हे छोटं वटवाघूळ पिढ्यान् पिढ्या एक मानलं गेलं. १९९०च्या दशकात लक्षात आलं की काही वटवाघळांची हाक ४५ किलोहर्ट्झच्या आसपास आहे आणि काहींची ५५च्या. डीएनएनेही दुजोरा दिला आणि एकाची दोन झाली. २००३ पासून जीवशास्त्रज्ञ पॉल हेबर्ट यांनी सुचवलेला डीएनए बारकोडही वापरात आहे. त्यात एका ठरावीक जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा वाचून जाती ओळखतात. उपयोगी आहे, पण अंतिम निकाल म्हणून त्याकडे पाहू नये असं माझं मत.

पायरी १०: नाव नीट लिहा

शास्त्रीय नाव दोन शब्दांचं: आधी प्रजाती, मग जाती. रोमन लिपीत लिहिताना पहिल्या शब्दाचं आद्याक्षर मोठं, दुसरा शब्द सगळा लहान अक्षरांत, छापताना दोन्ही तिरके, हाताने लिहिताना दोन्हींखाली वेगवेगळी रेघ. नुसतं 'टायग्रिस' लिहून चालत नाही, 'पँथेरा टायग्रिस' हेच नाव.

पुढे कधी कधी नामकर्त्याचं नाव आणि साल असतं, आणि त्यातही एक गुपित आहे. लांडगा: कॅनिस ल्युपस लिनियस, १७५८. वाघ: पँथेरा टायग्रिस (लिनियस, १७५८). वाघापुढे कंस का? कारण लिनियसने त्याला मांजराच्या फेलिस प्रजातीत ठेवलं होतं, नंतर त्याला हलवलं गेलं. कंस म्हणजे घर बदलल्याची खूण. लांडगा जिथे होता तिथेच आहे. प्राण्यांच्या नावांची मोजणीही त्या १७५८च्या ग्रंथापासूनच धरतात. त्याआधीची नावं ग्राह्य नाहीत, आणि एकाच प्राण्याला दोन नावं पडली असतील तर साधारणपणे जुनं टिकतं.

आता वही काढा. प्रत्येक प्राण्यासाठी तारीख, जागा, पाय किती, कातडी कशी, मिशा किती एवढं लिहा, एक चित्र काढा, आणि उतरंडीवर खात्रीने जिथवर उतरता येईल तिथेच थांबा. प्रजाती कळली पण जाती नाही, तर प्रजातीच्या नावापुढे 'स्पे.' (स्पीशीज, म्हणजे जाती) लिहायची पद्धत आहे, आणि मोठमोठे अभ्यासकही ती बिनदिक्कत वापरतात. माझ्या वहीत खिडकीतल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याची नोंद आहे: आठ डोळे, त्यातले पुढचे दोन मोटारीच्या दिव्यांसारखे, कुल सॉल्टिसिडी. त्याखालच्या दोन ओळी चार वर्षं कोऱ्या आहेत.